मासींनी परत केलेला मका

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर आपण बडोदेकर लवकर विसरणार नाही. आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. चार दिवस वीज नव्हती. पाणी ओसरल्यावर चिखल उपसणं, गाद्या टाकणं, फर्निचर वाळवणं यात पुढचे तीन आठवडे कसे गेले ते कळलंच नाही. कोठीच्या खोलीतल्या गव्हाच्या दोन्ही कोठ्यांत पाणी शिरलं होतं. नाल्याचं पाणी लागलेला गहू ठेवायचा प्रश्नच नव्हता, तो पहिल्याच दिवशी गेला. वर माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा मात्र वाचला होता. त्यात दहा-बारा किलो पांढरा मका होता.

ह्यांचे एक जुने सहकारी गोध्र्याकडचे. दर हिवाळ्यात ते घरचा मका पाठवतात. मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ हे पंचमहालचं जेवण आमच्या मराठी घरात इतकं रुळलंय की डिसेंबरात ते झालं नाही तर थंडी आली असं वाटतच नाही. त्या वर्षी मका जरा जास्त आला होता, तो पावसाळ्यापर्यंत उरला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी तो डबा खाली काढला. झाकण नीट बसलेलं नव्हतं. आत हात घातला तर दाणे सुटे नव्हते, मुठीएवढ्या ढेपा झाल्या होत्या. ढेप फोडली की हिरवट-पिवळी भुकटी उडायची. वास बंद खोलीतल्या ओल्या पोत्यासारखा. मी काय केलं असेल? अगदी खरं सांगते. वरवरच्या ढेपा काढून टाकल्या, बाकीचा मका तीन पाण्यांनी धुतला, गच्चीवर चादर पसरून दोन दिवस उन्हात वाळवला. वाळल्यावर तो बराच बरा दिसू लागला. वासही गेल्यासारखा वाटला. आपण खायला मन होईना, पण टाकायलाही हात होईना. पुरात एवढा गहू टाकलेला, त्यात हेही? अन्न हे पूर्णब्रह्म म्हणत वाढलेली आपली पिढी.

मग मला सुचलं ते तुमच्यापैकी अनेकींना सुचलं असतं. पिशवी भरली आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मासींना म्हटलं, "मासी, हा मका घेऊन जा. दळून आणा. नाहीतर कोंबड्यांना घाला."

मासी दाहोदकडच्या. साठीला आलेल्या. बडोद्यात येऊन त्यांना तीस वर्षं झाली असतील. त्यांनी पिशवीत हात घातला, मूठभर दाणे तळहातावर घेतले, दारातल्या उजेडात नेऊन एकेक दाणा बोटाने उलटा करून पाहिला. मग नाकाशी धरला. आणि सगळे दाणे परत पिशवीत सोडून शांतपणे म्हणाल्या,

"बेन, आ ना खवाय. मरघीने पण ना अपाय."

हे खायचं नसतं. कोंबडीलासुद्धा द्यायचं नसतं.

मला आधी थोडा रागच आला. मी सयाजीराव विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. 'बुरशीचे उपयोग व तोटे' या प्रश्नाची उत्तरं किती वह्यांत तपासली असतील त्याची गणती नाही. मी म्हटलं, "मासी, धुतलाय, ऊन दाखवलंय." मासींनी मान हलवली आणि ओट्याला टेकून खाली बसल्या. एरवी त्या कामाच्या मध्ये कधी बसत नाहीत.

मासींनी सांगितलं ते

त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. आधीची वर्षं दुष्काळाची. त्या वर्षी मका उभा राहिला, कणसं भरली, आणि कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला. कणसं ताटावरच भिजली, घरात आणली तरी सुकेनात. झोपडीत चुलीवर टांगून, अंगणात पसरून जेवढी वाळली तेवढी वाळली. त्यातली चांगली वाण्याच्या उधारीत गेली. काळी-हिरवी घरात राहिली. दुसरं धान्य नव्हतंच. मग तोच मका दोन्ही वेळेला, रोटला करून, कधी नुसता शिजवून.

"पहला कूतरो गयो," मासी म्हणाल्या. आधी कुत्रा गेला. खाणं सोडलं, पोट फुगलं, मेला. शेजारच्या घरचाही तसाच. मग त्यांचा थोरला भाऊ. डोळे हळदीसारखे पिवळे, पाय सुजले, आणि पोट. मासींनी दोन्ही हातांनी आपल्या पोटापुढे गोल धरून दाखवला, "पेट माटला जेवुं." माठासारखं. सगळे म्हणाले कमळो, म्हणजे कावीळ. भुवा आला, झाडपाला झाला, गळ्यात माळ घातली. भाऊ पंधरा दिवसांत गेला. त्यानंतर काका गेले. सरकारी गाडी सडकेवरच्या गावात आली होती म्हणतात. ह्यांचं गाव डोंगराच्या पलीकडे.

"मका होता हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"माने खबर पडी," त्या म्हणाल्या. आईला कळलं. त्या आईने पुढे आयुष्यभर बुरा आलेला एक दाणा घरात शिजू दिला नाही. उपाशी ठेवलं, पण तो दिला नाही.

मासी उठून कामाला लागल्या. मी पिशवी घेऊन तशीच उभी.

१९७४ साल

मासींचं वय आणि त्यांची हकीगत जुळवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे साल १९७४ असणार, आणि ही घटना मला माहीत असायला हवी होती. ती वैद्यकशास्त्राच्या ग्रंथांत आहे. जगात कुठेही अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाविषयी लिहिलं जातं तेव्हा आपल्या शेजारच्या पंचमहालचं नाव येतं. (दाहोद तेव्हा पंचमहाल जिल्ह्यातच होता, तो वेगळा जिल्हा १९९७ मध्ये झाला.)

१९७४ च्या अखेरीला गुजरातमधला पंचमहाल आणि त्याला लागून असलेला राजस्थानातला बांसवाडा या जिल्ह्यांत दीडशेहून जास्त गावांमध्ये काविळीची साथ आली. नोंद झालेले रुग्ण ३९७, त्यांपैकी मृत्यू १०६. म्हणजे चारांतला एक माणूस दगावला. काविळीपाठोपाठ झपाट्याने पोटात पाणी भरायचं. आणि एक विचित्र गोष्ट, माणसांबरोबर त्याच घरांतले कुत्रेही तशाच आजाराने मरत होते.

कावीळ म्हटली की आपल्याला प्रथम आठवतं ते दूषित पाणी आणि विषाणू. पण माणसाची नेहमीची विषाणूची कावीळ कुत्र्याला होत नाही. माणूस आणि कुत्रा यांच्यात सामाईक काय? एका घरातलं अन्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. कृष्णमाचारी, डॉ. रमेश भट आणि त्यांचे सहकारी यांनी या गावांमधल्या घरातला मका तपासला. त्यात 'अस्परजिलस फ्लेव्हस' ही बुरशी माजलेली होती आणि तिने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅमपर्यंत होतं. दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम मका पोटात जाणारा माणूस महिनाभर रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष खात होता, असा त्यांचा हिशेब निघाला. त्यांचा अहवाल १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. कारणं त्यांनी जी सांगितली ती मासींनी माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितली तीच: सततचा दुष्काळ, कापणीच्या वेळचा अवकाळी पाऊस, धान्य वाळवायला आणि ठेवायला धड जागा नाही, आणि या बुरशीने जीव जातो हे कुणाला माहीत नाही. पुढच्या वर्षी मका कोरडा मिळाला, त्यात विष अगदी कमी आढळलं, आणि साथ आली नाही.

६ मिलिग्रॅम म्हणजे किती? आज आपल्या देशात तृणधान्यांत अफ्लाटॉक्सिनची कायदेशीर मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. जेवणातल्या मिठाच्या एका बारीक कणाचं वजनही याहून जास्त भरतं. पंचमहालच्या त्या मक्यात या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष होतं.

१९७४ मध्ये मी बारा वर्षांची होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात त्या दिवाळीला चिवडा, अनारसे झाले असणार. दीडशे किलोमीटरवर हे चाललं होतं. आमच्या घरात त्याचा शब्दही कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. आणि त्या १०६ मध्ये मासींचा भाऊ मोजला गेला असेल असं मला वाटत नाही. डोंगरापलीकडे गाडी गेलीच नव्हती.

हे विष करतं तरी काय?

या विषाचा शोध टर्की नावाच्या पक्ष्यांमुळे लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पिल्लं अचानक मेली. रोगाचं कारण सापडेना म्हणून त्याला नाव दिलं 'टर्की एक्स'. शेवटी धागा त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. अस्परजिलसचा 'अ', फ्लेव्हसचं 'फ्ला' आणि टॉक्सिन, असं हे नाव बनलं. अतिनील दिव्याखाली याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे, म्हणून त्यांना इंग्रजीतल्या त्या रंगांच्या आद्याक्षरांवरून बी आणि जी म्हणतात. सगळ्यांत घातक बी-१.

विष पोटात गेलं की यकृत त्याला निकामी करायला जातं, आणि त्या खटपटीत त्याचं आणखी आक्रमक रूप तयार होतं. ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं. एकदम जास्त मात्रा गेली तर यकृताच्या पेशी मरतात, कावीळ होते, पोटात पाणी साठतं. पंचमहालमध्ये झालं ते हे. थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षं जात राहिली तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ज्यांना हेपटायटिस बी झालेला आहे त्यांना हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून नातवंडांची ती लस चुकवू नका, असं मी आता ओळखीच्या प्रत्येक सुनेला सांगते.

अफ्लाटॉक्सिन एकटं नाही. बाजरीच्या कणसावर येणारा अरगट आपल्या शेतकरी बांधवांना माहीत आहे. कणसातून दाण्याऐवजी काळपट लांबट गाठी डोकावतात. युरोपात मध्ययुगात राय या धान्यावरच्या अरगटाने गावंच्या गावं आजारी पडत, हातापायांची आग होई, बोटं झडत. आपल्या बाजरीवरचा अरगट वेगळ्या जातीचा. तो पोटात गेला की मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९५६-५७ मध्ये जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी साथ येऊन गेली होती. यावरचा उपाय मात्र अगदी घरगुती आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकली की हलक्या गाठी वर तरंगतात, निरोगी दाणा तळाशी बसतो. वरचं काढून टाकायचं, खालची बाजरी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन वाळवायची.

१९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातल्या काही गावांत, पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाब झाले. हे काम 'फ्युमोनिसिन' या दुसऱ्या बुरशीविषाचं. ते धान्य बंद केल्यावर माणसं बरी झाली. तिथेही शोध घेणारी हैदराबादची तीच संस्था होती. आणि तिथेही ते धान्य खाल्लं ते दुसरं विकत घेऊ न शकणाऱ्यांनीच.

माझ्या तीन चुका

मासी गेल्यावर मी माझी जुनी पुस्तकं काढली आणि स्वतःची शिकवणी घेतली. त्यात तीन चुका निघाल्या.

पहिली चूक, धुणं. आपल्याला दिसते ती बुरशी. विष दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. भुकटी धुतली जाते, पण विष दाण्याच्या आत उतरलेलं असतं. ते पाण्याने निघत नाही. उलट, ओला झालेला दाणा नीट सुकला नाही तर बुरशीला नवी मेजवानी मिळते.

दुसरी चूक, उन्हावर आणि विस्तवावरचा विश्वास. भाजलं, शिजवलं की सगळं मरतं असं आपण धरून चालतो. बुरशी मरतेही. पण अफ्लाटॉक्सिन हा जीव नाही, ते रसायन आहे. ते पुरतं मोडायला अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते. डाळ-भात शंभर अंशांना शिजतो. प्रेशर कुकरमध्ये थोडं अधिक. रोटल्याचा पृष्ठभाग कितीही खरपूस झाला तरी आतला भाग ओलसरच असतो. चुलीने बुरशी मारली तरी विष ताटात येतंच.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी, आणि तिचं उत्तर पुस्तकात नव्हतं. जे मी माझ्या नवऱ्याला वाढणार नव्हते ते मी मासींना देत होते. वर त्यात पुण्य समजत होते.

विचार करायला लागल्यावर दिसलं की आपल्या घरातून खराब धान्य तीन दारी जातं: कामवाल्या बाईंच्या दारी, गाईच्या तोंडी आणि चबुतऱ्यावर. आपल्या गुजरातेत पोळापोळांत चबुतरे, रस्त्यारस्त्यावर गाई, आणि एकादशीला दानाची हौस. पण हे विष पक्ष्यांना माणसांपेक्षाही बाधतं. बदकांची पिल्लं तर इतक्या थोड्या मात्रेने मरतात की पूर्वी विष ओळखायला त्यांचाच उपयोग करत. आणि गाईला घातलं तर? गाईने बुरसलेलं धान्य किंवा सरकीची बुरसलेली पेंड खाल्ली की त्या बी-१ चा काही भाग एम-१ बनून तिच्या दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. म्हणूनच दुधासाठीही किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची वेगळी मर्यादा ठरवलेली आहे. म्हणजे आपण पुण्य म्हणून गाईला घातलेलं कुणा बाळाच्या वाटीत परत येतं.

आजीचं सूप आणि आजची कोठी

आता घाबरून जाऊ नका. एखादा कडू शेंगदाणा तोंडात आला म्हणून काही होत नाही. थुंकून टाका, चूळ भरा. प्रश्न मात्रेचा आणि रोजच्या सवयीचा आहे. सगळ्याच बुरश्या वाईटही नाहीत. पेनिसिलिन बुरशीनेच दिलं. जपानी लोक या अस्परजिलसच्याच एका सख्ख्या भावंडाकडून सोयाबीनचे पदार्थ आंबवून घेतात. पण आपल्या डब्यात न बोलावता आलेली बुरशी कोणत्या कुळातली आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून तिला येऊच द्यायचं नाही.

ती येते ओलाव्याने. तृणधान्यात ओलावा बारा-तेरा टक्क्यांच्या खाली असेल तर तिचं काही चालत नाही. आजीकडे यंत्र नव्हतं. ती दाणा दाढेखाली धरायची. कट्ट आवाज झाला तर भरा, चावला गेला तर अजून एक ऊन. ती ऊन दिलेलं धान्य लगेच कोठीत भरू देत नसे, सावलीत निवेपर्यंत थांबवायची. गरम धान्य बंद डब्यात घातलं की आत घाम सुटतो आणि झाकणाखालचे दाणे ओले होतात. कोठी भिंतीला चिकटवायची नाही आणि जमिनीवर ठेवायची नाही, खाली पाट किंवा विटा. हे सगळे नियम विज्ञानाला धरून आहेत, आणि फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर आपण तेच आधी सोडले.

हाथीखान्यातून वर्षाचा गहू आणून त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून भरायची इथली पद्धत आपण मराठी घरांनीही उचलली. ती चांगली आहे, पण तिचा उपयोग किडीसाठी. कीड दाण्याला भोक पाडते आणि बुरशी तिथूनच शिरते, म्हणून किडीचा बंदोबस्त हवाच. तरी ओल्या गव्हाला दिवेल चोळलं किंवा कडुनिंबाचा पाला घातला म्हणून बुरशी थांबणार नाही.

आणि निवडणं! विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. किलोभर मक्यात साधारण तीन हजार दाणे असतील, तर बहुतेक विष त्यातल्या मोजक्या, फुटक्या, सुरकुतलेल्या, रंग उतरलेल्या दाण्यांत असतं. म्हणून चांगल्या धान्यातले तेवढे दाणे वेचून काढले की धोका खरोखर बराच कमी होतो. दुपारी सूप घेऊन बसणाऱ्या आपल्या आया-आज्या नुसते खडे काढत नव्हत्या. शेंगदाण्यांना तर हा नियम काटेकोर लावा. कूट करायच्या आधी दाणे ताटात पसरा, काळपट, सुरकुतलेले, बुरा आलेले काढा. तयार कूट आणताना आपल्याला ती संधीच मिळत नाही.

मात्र माझ्या मक्यासारख्या ढेपा झाल्या असतील तर निवडत बसू नका. सगळं टाका. कोरडी भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल बांधा. उकिरड्यावर उघडं टाकू नका, गाय किंवा कुत्रा तोंड घालेल. मातीत पुरा. पुराचं पाणी लागलेलं धान्य कितीही वाळलेलं दिसलं तरी घरात ठेवू नका. आणि पावसाळ्यात धान्य आणि पीठ थोडं थोडं आणा, साठवण उन्हाळ्यातली.

पिशवीचं काय झालं

दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात खड्डा खणला. पुराने माती मऊच झाली होती. मका त्यात ओतला, वर माती ओढली. मासी भांडी घासता घासता मागच्या दारातून पाहत होत्या. मी आत आल्यावर म्हटलं, "मासी, काल माझं चुकलं. मला माहीत असायला पाहिजे होतं."

त्या हसल्या. म्हणाल्या, शाळेत शिकवत नसतील.

शिकवत होते. मीच शिकवत होते. अस्परजिलसची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल, देठ, वर गोल डोकं, त्यावर बीजाणूंच्या माळा. आकृतीला दोन गुण, नावांना दोन गुण. त्या बीजाणूंनी कुणाच्या तरी भावाचं पोट माठासारखं झालं होतं, हे एकदाही सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्या रोज सकाळी साडेआठला माझ्या घरी येत होत्या, आणि मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

त्या डिसेंबरात गोध्र्याहून मका आला तेव्हा मी डबा उघडायच्या आधी मासींना बोलावलं. त्यांनी मूठभर दाणे घेतले, उजेडात पाहिले, एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट.

"आ सारी छे," त्या म्हणाल्या. ही चांगली आहे.

मी मका दोन पिशव्यांत सारखा वाटला. एक त्यांची, एक आमची. त्या रविवारी दोन्ही घरी रोटला झाला.